वाचकांचे प्रश्न : १३ ऑक्टोबरचे संगीत

गेल्या अंकात किशोरकुमारांच्या स्मृतिदिनानिमित्त आम्ही एक लहानशी चौकट छापली होती आणि त्याच तारखेला जगाच्या संगीतात आणखीही बरेच काही घडले आहे, असे एक वाक्य तिच्यात जाता जाता लिहिले होते. त्या एका वाक्यावर नागपूर शहरातून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे ठरले. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमचा हौशी गायकांचा गट दर वर्षी १३ ऑक्टोबरला शंकरनगर परिसरात किशोरकुमारांच्या गीतांचा कार्यक्रम करतो. यंदा निवेदनात त्या दिवशीच्या इतर सांगीतिक घटना गुंफाव्यात असा विचार आहे. मोबाइलवर फिरत आलेली घटनांची एक लांबलचक यादी माझ्याजवळ आहे. ती जशीच्या तशी वाचावी काय? — एक निवेदिका, धंतोली

उत्तर : मुळीच वाचू नये. अशा याद्यांत कुणाचा जन्म, कुणाचा मृत्यू, कुठल्या तबकडीचे प्रकाशन आणि कुठला पुरस्कार हे सारे एका रांगेत बसवलेले असते, आणि चौथ्या नोंदीनंतर श्रोते घड्याळ पाहू लागतात. ज्या घटनेला स्वतःची गोष्ट आहे तेवढीच निवडावी. आपल्या कार्यक्रमापुरते पाहिले तर ती गोष्ट शोधायला दूर जाण्याचे कारण नाही, कारण किशोरकुमार ज्या दिवशी गेले तो त्यांच्या थोरल्या भावाचा वाढदिवस होता.

अशोककुमारांचा जन्म १३ ऑक्टोबर १९११ चा. १९८७ साली, मंगळवारी, त्यांना ७६ वर्षे पूर्ण झाली आणि त्याच दिवशी जुहूच्या ‘गौरीकुंज’ या आपल्या घरी किशोरकुमारांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. त्यांचे वय तेव्हा ५८ होते. आदल्या दिवशी त्यांनी बप्पी लाहिरींच्या संगीतात, आशा भोसले यांच्यासह, ‘वक्त की आवाज’ या चित्रपटासाठी ‘गुरू गुरू’ हे द्वंद्वगीत ध्वनिमुद्रित केले होते. चित्रपट पुढच्या वर्षी आला. शेवटचे गाणे म्हटले की श्रोत्यांना काहीतरी हुरहूर लावणारे अपेक्षित असते, आणि हे तर मिथुन चक्रवर्ती व श्रीदेवी यांच्यासाठी बांधलेले ठेक्याचे, खट्याळ गाणे आहे. या कारणाने पुष्कळ संयोजक ते गाळतात आणि त्याच्या जागी एखादे विरहगीत लावतात. आमच्या मते ते गाळू नये. आदल्या दिवसापर्यंत नेहमीच्या उमेदीने काम करणारा गायक त्या गाण्यात ऐकू येतो, आणि तोच खरा पुरावा आहे.

दोन भावांचे नाते तारखेपुरते नव्हते, हेही निवेदनात यायला हवे. अशोककुमार हे स्वतःची गाणी स्वतः गाणाऱ्या नटांच्या पिढीतले. ‘अछूत कन्या’ (१९३६) मधील ‘मैं बन की चिड़िया’ हे देविकाराणींबरोबरचे गाणे त्यांनी सरस्वतीदेवींच्या संगीतात स्वतःच गायिले. धाकट्याने नट व्हावे अशी त्यांची इच्छा होती आणि धाकट्याचे सगळे लक्ष सैगलांच्या गाण्याकडे होते. किशोरकुमारांना गायनाची पहिली खरी संधी मिळाली ती ‘जिद्दी’ (१९४८) या चित्रपटात, खेमचंद प्रकाश यांच्याकडे. गाणे होते ‘मरने की दुआएँ क्यूँ माँगूँ’, पडद्यावर देव आनंद होते, आणि चित्रपट बॉम्बे टॉकीजचा, म्हणजे थोरले बंधू ज्या संस्थेत नावारूपाला आले तिचाच. पुढे ‘चलती का नाम गाडी’ (१९५८) मध्ये अशोक, किशोर आणि अनूप हे तिघेही भाऊ एकत्र आले. गाणी अर्थातच धाकट्याकडे गेली होती. ‘बाबू समझो इशारे’मध्ये किशोरकुमारांच्या जोडीला मन्ना डे आहेत. मात्र १९६८ च्या ‘आशीर्वाद’मध्ये, वसंत देसाईंच्या संगीतात, ‘रेलगाडी’ हे मुलांचे गाणे म्हणायला पुन्हा अशोककुमारच उभे राहिले, आणि त्यानंतरच्याच वर्षी ‘आराधना’ने किशोरकुमारांना अग्रस्थानी नेऊन बसवले. आपल्या कार्यक्रमात ‘रेलगाडी’ ध्वनिमुद्रिकेवरून का होईना, एकदा ऐकवावी. त्या तारखेवर दोघांचाही हक्क आहे.

आपल्या भागाशी जोडणारा धागाही आहे. किशोरकुमार १९२९ साली खंडव्यात जन्मले तेव्हा खंडवा हे मध्य प्रांत व वऱ्हाडातले गाव होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. वडील कुंजलाल गांगुली तेथे वकिली करीत. अकोल्याहून मेळघाट ओलांडून खंडव्याला जाणारी मीटर गेजची गाडी वऱ्हाडातल्या जुन्या माणसांना नक्की आठवत असेल. किशोरकुमारांचे पार्थिव मुंबईहून खंडव्यालाच नेण्यात आले आणि त्यांची समाधीही तेथेच आहे. मराठी श्रोत्यांसाठी ‘गंमत जंमत’मधील ‘अश्विनी ये ना’ घ्यावे. तो चित्रपट १९८७ चाच आहे.

आपल्या यादीतील आर्ट टेटम (जन्म १९०९) हे जवळजवळ दृष्टिहीन असलेले थोर जॅझ पियानोवादक आणि अमेरिकी गायक-गीतकार पॉल सायमन (जन्म १९४१) या दोघांच्या जन्मतारखा बरोबर आहेत. परंतु पियानोवादनाचा तुकडा प्रत्यक्ष ऐकवणार नसाल तर नुसते नाव घेण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न : १३ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री हजारो मुलींनी लंडनचे रस्ते अडवले आणि बीटल्स या इंग्लिश वाद्यवृंदाचे वेड तेथूनच सुरू झाले, असे वाचनात आले. हे कितपत खरे मानावे? — एक निवृत्त शिक्षक, मानेवाडा

उत्तर : तारीख खरी, कार्यक्रमही खरा, गर्दीबद्दल मात्र सावध राहावे. तो रविवार होता. लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहातून एटीव्ही ही वाहिनी दर रविवारी रात्री विविध कलाकारांचा कार्यक्रम थेट दाखवीत असे आणि त्याचे सूत्रसंचालन ब्रूस फोर्साइथ करीत. त्या रात्री बीटल्सनी चार गाणी म्हटली. ‘शी लव्हज यू’ त्यांतलेच, आणि शेवट ‘ट्विस्ट अँड शाउट’ने झाला. कार्यक्रम सुमारे दीड कोटी लोकांनी पाहिला असे सांगितले जाते. ब्रिटनची लोकसंख्या तेव्हा साडेपाच कोटींच्या आत होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते.

दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी नाट्यगृहाबाहेरच्या गोंधळाची मोठमोठी वर्णने छापली. बीटल्सची पुष्कळ छायाचित्रे काढणारे देझो हॉफमन त्या वेळी तेथे हजर होते, आणि त्यांचे म्हणणे असे की दंगा वगैरे काही झाला नाही, मुली आठही नव्हत्या. जवळून टिपलेल्या छायाचित्रात चार-पाच चेहरेही गर्दीसारखे दिसतात, हे कोणताही वृत्तछायाचित्रकार सांगेल. ‘बीटलमेनिया’ हे नाव ठळक मथळ्यांत आले तेही त्या रात्रीनंतर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आणि नोव्हेंबरच्या आरंभी.

मग त्या तारखेला महत्त्व कशाचे, असे आपण विचाराल. आमच्या समजुतीप्रमाणे ते रस्त्यावर नसून घराघरांतल्या दिवाणखान्यात आहे. तोवर हे चौघे नृत्यगृहांतून आणि रेकॉर्डच्या दुकानांतून तरुणांना माहीत होते. रविवारच्या त्या कौटुंबिक कार्यक्रमामुळे आईवडील आणि मुले यांनी त्यांना एकाच वेळी, एकाच खोलीत बसून पाहिले. चारच महिन्यांनी, ९ फेब्रुवारी १९६४ ला, अमेरिकेत एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात हेच सात कोटींहून अधिक प्रेक्षकांसमोर घडले. आपल्याकडे त्या वेळी दूरदर्शन दिल्लीपुरते आणि तेही प्रायोगिक होते. मुंबईला ते १९७२ मध्ये आले. नागपूरच्या घरांत संगीताचे असे सामुदायिक क्षण बुधवारी रात्री, रेडिओ सिलोनवरच्या ‘बिनाका गीतमाले’पाशी घडत होते.

प्रश्न : उस्ताद नुसरत फतेह अली खान यांचा जन्मदिवसही १३ ऑक्टोबरच आहे. ताजबागेच्या उरुसात कव्वाली ऐकत लहानाचे मोठे झालेल्या आमच्यासारख्यांना आपल्या चौकटीत त्यांचे नाव न दिसल्याचे आश्चर्य वाटले. — एक श्रोता, सक्करदरा

उत्तर : चौकट किशोरकुमारांची असल्यामुळे त्यात दुसरे कोणतेच नाव नव्हते, परंतु आपण आठवण दिलीत हे उत्तम झाले. नुसरत फतेह अली खान यांचा जन्म १३ ऑक्टोबर १९४८ चा, आताच्या फैसलाबादचा. तेव्हा त्या शहराचे नाव लायलपूर होते. घराणे मूळचे जालंधरचे, फाळणीत तिकडे गेलेले. वडील उस्ताद फतेह अली खान १९६४ मध्ये वारले आणि त्यानंतर या मुलाचे गाणे लोकांसमोर आले.

कव्वालीचे श्रोते त्यांना आधीपासून ओळखत होते. पाश्चात्त्य श्रोत्यांना ते माहीत झाले १९८५ साली, इंग्लंडच्या एसेक्स भागातील वोमॅड महोत्सवात. इंग्लिश रॉक गायक पीटर गॅब्रिएल यांनी तो महोत्सव उभा केला होता. पुढे त्यांच्याच ‘रिअल वर्ल्ड’ या कंपनीने नुसरत यांच्या तबकड्या काढल्या. विशेष असे की ज्यांना एक शब्दही कळत नव्हता अशा श्रोत्यांसमोर त्यांनी कव्वालीचा मूळ बांधा सोडला नाही. मांडी घालून बसलेला ताफा, टाळ्या, पेटी, तबला, आणि एक ओळ परत परत घेऊन तिच्यावर सरगमचा मजला चढवत जाणे हे तसेच राहिले. पाश्चात्त्य वाद्यांबरोबरचे प्रयोग, उदाहरणार्थ १९९० चे ‘मस्त मस्त’, त्यांनी वेगळे ठेवले.

आपल्याकडच्या बहुसंख्य लोकांनी त्यांच्या चाली त्यांच्या नावाशिवाय ऐकल्या, हे थोडे खेदाने नोंदवावे लागते. ‘मोहरा’ (१९९४) मधील ‘तू चीज बडी है मस्त मस्त’ हे गाणे लग्नाच्या वरातीत वाजत होते तेव्हा त्यामागची ‘दम मस्त कलंदर’ ही कव्वाली किती जणांना ठाऊक होती? त्यांनी स्वतः हिंदी चित्रपटाला संगीत दिले, ‘और प्यार हो गया’ला, ते १९९७ मध्ये, आणि त्याच वर्षी १६ ऑगस्टला लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८.

धंतोलीच्या निवेदिकांनी हे उत्तरही वाचावे. मात्र किशोरकुमार आणि नुसरत यांच्यात तारखेपलीकडे नाते आहे असे भासवणारी वाक्ये लिहू नयेत.

प्रश्न : अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलन यांना नोबेल जाहीर झाले ती तारीख १३ ऑक्टोबर २०१६. पण पुरस्कार तर साहित्याचा होता. तो संगीताच्या इतिहासात कसा धरायचा? — एक विद्यार्थिनी, वर्धा मार्ग

उत्तर : निःशंकपणे धरावा. अमेरिकी गीतपरंपरेत नवी काव्यात्म अभिव्यक्ती निर्माण केल्याबद्दल हा सन्मान आहे, असे स्वीडिश अकादमीनेच म्हटले होते. स्टॉकहोममध्ये दुपारी घोषणा झाली तेव्हा नागपुरात साडेचार वाजले होते. त्या संध्याकाळी डिलन यांचा लास व्हेगासला कार्यक्रम होता, म्हणजे इथे १४ तारखेची सकाळ उजाडली होती. त्यांनी गाणी म्हटली आणि पुरस्काराचा उल्लेखही केला नाही. पुढचे दोन आठवडे ते गप्पच राहिले. १० डिसेंबरच्या समारंभाला ते गेले नाहीत. त्यांचे ‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’ हे गीत अमेरिकी गायिका पॅटी स्मिथ यांनी गायिले आणि गाता गाता त्या अडखळल्या, क्षमा मागितली, पुन्हा सुरुवात केली. ते चित्रण पाहण्यासारखे आहे. इतक्या औपचारिक सभागृहात गाणे हे गाणेच राहिले, ते त्या अडखळण्यामुळे.

गीतकाराला साहित्याचे नोबेल प्रथमच मिळाले असे तेव्हा पुष्कळांनी लिहिले. रवींद्रनाथ ठाकूर यांना ते १९१३ मध्येच मिळाले होते आणि त्यांची गीते दोन हजारांच्या वर आहेत. त्या पुरस्काराची घोषणाही १३ तारखेचीच. महिना तेवढा नोव्हेंबरचा.

२०१६ च्या त्याच १३ ऑक्टोबरला थायलंडचे राजे भूमिबोल यांचे निधन झाले. सत्तर वर्षे गादीवर असलेला हा राजा सॅक्सोफोन वाजवीत असे, त्याने सुमारे पन्नास गीते रचली आणि १९६० च्या अमेरिका दौऱ्यात जॅझ क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्याबरोबर वादनही केले. भारतीय वृत्तपत्रांत ही बाजू फारशी आली नाही.

प्रश्न : बीटल्सची गाणी कुठल्या दिवशी ध्वनिमुद्रित झाली ते सांगता येते, मग आपल्या चित्रपटगीतांचे फक्त साल का मिळते? आणि आपण तारीख पाळावी की तिथी? — एक संग्राहक, महाल

उत्तर : बीटल्स ज्या कंपनीसाठी गात तिच्या लंडनमधील स्टुडिओत प्रत्येक सत्राची नोंद ठेवली जाई आणि फितीच्या खोक्यावरही दिनांक असे. त्यामुळे ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात त्यांनी पहिल्या तबकडीतली दहा गाणी उरकली, हे निश्चितपणे सांगता येते. आपल्याकडे गाणे चित्रपटाच्या कामाचा एक भाग होते. निर्मात्याचे कार्यालय बंद पडले की वह्या रद्दीत जात. आपल्या संग्रहातील मिनिटाला ७८ फेऱ्यांची कोणतीही जुनी तबकडी काढून पाहा : लेबलवर चित्रपटाचे नाव, गाण्याची ओळ, क्रमांक, आणि दिनांक कोठेच नाही. गायकाच्या नावाचीसुद्धा खात्री नसे. ‘महल’ (१९४९) मधील ‘आयेगा आनेवाला’ लता मंगेशकरांनी गायिले आणि तबकडीवर नाव होते ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातील पात्राचे. कानपूरचे हरमंदिरसिंग ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ सिद्ध केला म्हणून निदान साल तरी हाती लागते. त्यामुळे अमुक हिंदी गाणे अमुक दिवशीच ध्वनिमुद्रित झाले असे कोणी ठासून सांगितले, तर आधार विचारावा.

ज्या गाण्यांना दिनांक चिकटला आहे ती बहुधा सभेतली किंवा आकाशवाणीवरची. ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे लता मंगेशकरांनी २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत पंडित नेहरूंसमोर गायिले. ‘गीतरामायण’ पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून सुरू झाले. तारीख-तिथीचा आपला प्रश्न येथे खरा उभा राहतो, कारण तो दिवस रामनवमीचा होता आणि गदिमा व सुधीर फडके यांची ५६ गीते पुढे वर्षभर चालली. कलाकाराच्या जन्ममृत्यूला तारीख धरावी. जी कृती सणासाठी घडवली गेली तिला तिथी. ‘गीतरामायणा’चा कार्यक्रम १ एप्रिलला ठेवला तर चूक नाही, पण रामनवमीला श्रोते आपण होऊन येतात.

प्रश्न : आपण लंडन, स्टॉकहोम सांगता. ऑक्टोबरच्या याच आठवड्यात दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि रात्रभर भीमगीते चालतात. ती लोकप्रिय संगीताच्या इतिहासात बसत नाहीत काय? — एक कार्यकर्ता, इंदोरा

उत्तर : बसतात, आणि आपला रोखठोक प्रश्न योग्य आहे. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ती प्रत्यक्षात आली. या दोन तारखांच्या मागेपुढे मराठीत जेवढी गाणी रचली गेली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या सार्वजनिक घटनेवर रचली गेली असतील. वामनदादा कर्डकांची शब्दरचना, प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज, आणि कव्वालीचा जो बांधा ताजबागेत ऐकू येतो तोच येथे दोन गटांच्या सामन्यात, प्रश्नोत्तरांनी रंगलेला. चित्रपटाचा आधार नसताना हे संगीत आधी मंडपातून, मग कॅसेटमधून, पुढे सीडीवरून आणि आता मोबाइलवरून पसरले. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर पुस्तकांच्या दुकानांच्या जोडीने गाण्यांची दुकाने लागतात आणि एकाच वेळी चार ध्वनिवर्धकांवरून चार गाणी ऐकू येतात. शाहीर विठ्ठल उमप यांचे निधनही नोव्हेंबर २०१० मध्ये येथेच, दीक्षाभूमीवरील कार्यक्रमाच्या वेळी झाले.

१९५६ साली १४ ऑक्टोबरला विजयादशमी होती. आता मुख्य सोहळा तिथीने, अशोक विजयादशमीला होतो, आणि १४ तारखेलाही लोक येतातच. महालच्या संग्राहकांच्या प्रश्नाला हे आणखी एक उत्तर. एकाच घटनेचे दोन दिवस पाळता येतात, आणि गाणाऱ्यांना दोन्ही दिवस काम असते.

प्रश्न : नागपूरला ‘आपली’ म्हणता येईल अशी संगीताची एखादी तारीख सुचवाल काय? — धंतोलीच्याच निवेदिका

उत्तर : १४ मार्च. १९३१ साली त्या दिवशी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ लागला आणि त्यातल्या सात गाण्यांनी हिंदी चित्रपटगीताला आरंभ झाला. चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही, त्यामुळे ती गाणी मूळ रूपात ऐकवता येणार नाहीत. २००३ साली त्याच तारखेला सुरेश भट गेले. ते जन्माने अमरावतीचे, पुढे नागपूरकर झालेले. ‘सिंहासन’मधील ‘उषःकाल होता होता’, ‘उंबरठा’मधील ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’, आणि इंदोऱ्याच्या पत्रलेखकांना तोंडपाठ असलेली ‘भीमवंदना’ ही तिन्ही त्यांचीच, त्यामुळे निवडीला अडचण पडणार नाही. रेशीमबागेतील सभागृह त्यांच्याच नावाचे आहे, परंतु ते मोठे आहे. हौशी गटाने लहान जागा पाहावी, आणि मार्चच्या मध्यावर शाळांच्या परीक्षा चालू असल्यामुळे कार्यक्रम उघड्यावर ठेवू नये.